अब्बांचा दीन आणि बहिणीचा हिस्सा

आपल्याकडे घरातले कुणी वारले की चार दिवसांत चाळिसाव्याची चर्चा सुरू होते. किती माणसे बोलवायची, बिर्याणीच्या डेगा किती, कुराणखानीला मदरशातली मुले कधी येणार. मरहूमवर कुणाचे कर्ज आहे का आणि मुलींचा हिस्सा किती, हे दोन प्रश्न मात्र कुणी काढत नाही. इस्लाममध्ये हेच प्रश्न आधीचे आहेत. मी ते किताबात नंतर वाचले, अब्बांकडून आधी शिकलो.

अब्बा शिंपी होते. पाच वक्त नमाजी, पण त्याचा गाजावाजा नव्हता. गिऱ्हाइकाचे उरलेले कापड वीतभर असले तरी शिवलेल्या कपड्यात घडी करून परत जाई. उसने दिल्या-घेतल्याची त्यांची एक वही होती, प्रत्येक नोंद तारखेसह. कुराणातील सर्वांत मोठी आयत (सूरह बकराह, 282) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे त्यांनी मला ती वही दाखवतच सांगितले.

"अल्लाहचे हक्क अल्लाह माफ करेल, तो रहीम आहे. माणसाचा हक्क त्या माणसानेच माफ करायला हवा," असे ते म्हणत. कर्जदार माणसाच्या जनाजाची नमाज पढवण्यास पैगंबर (स.) यांनी नकार दिला आणि एका सहाबींनी ते कर्ज स्वतःवर घेतल्यावरच पढवली, ही हदीस बुखारी शरीफमध्ये आहे.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. हक्क, वारस, कर्ज, हिशेब हे शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आले. अमानतची मराठीत अनामत झाली. शब्द सर्वांच्या तोंडी रुळले, त्यांच्यामागचा व्यवहार मात्र आपल्याच घरांत ढिला पडला.

आजोबा गेले तेव्हा आजी हयात नव्हती. वारस तिघे: अब्बा, चाचा आणि फुफू. जमीन पाच एकर, कोरडवाहू. लोक म्हणाले, "ती सासरी सुखात आहे, हक्कसोडीवर सही करून देईल." अब्बा म्हणाले, "आधी तिच्या ओंजळीत टाका. मग परत देते का ते बघा." भावांना दोन-दोन एकर आणि फुफूला एक एकर, अशी वाटणी झाली. सातबाऱ्यावर तिचे नाव लागले. तिने ते परत दिले नाही आणि तिचे माहेरही तुटले नाही. दर ईदला ती येत राहिली.

सूरह निसाच्या 11 आणि 12 व्या आयतींत हे हिस्से ठरवून दिले आहेत, तेही कर्ज आणि वसीयत भागवल्यानंतर. पुढच्याच आयतीत त्यांना अल्लाहच्या मर्यादा म्हटले आहे. "तिच्या लग्नात खर्च केला" ही सबब तिथे नाही. लग्नाचा खर्च म्हणजे वारसा नव्हे. भाऊ बोलणे टाकतील या भीतीने बहीण सही करते, तिला माफी कसे म्हणायचे?

शरियतमध्ये ढवळाढवळ नको म्हणून आपण मोर्चे काढतो. 1937 चा शरियत कायदा झाला, त्यामागे रूढीमुळे मुस्लिम स्त्रियांचे हक्क बुडतात हेही एक मोठे कारण होते. ज्या रूढीविरुद्ध तो कायदा आला, तीच आज आपण बहिणीच्या सहीने चालवतो. सरकारने शरियतला हात लावू नये, असे म्हणणाऱ्याने आधी स्वतःचा सातबारा उघडून पाहावा.

अब्बा वारले तेव्हा त्यांच्या वहीमुळे आमचे काम सोपे झाले. आधी वहीतली देणी फेडली. मग अम्मीचा आठवा हिस्सा काढला आणि उरलेल्यात भावाच्या दोन वाट्यांना बहिणीचा एक, असे वाटप केले. चाळिसाव्याची दावत केली नाही, म्हणून काही नातेवाईक नाराज झाले. ते होणारच.

माणूस गेल्यावरही ज्या तीन गोष्टींचा सवाब त्याला मिळत राहतो, त्यांत दुआ करणारी नेक औलाद आहे. बहिणीचा वाटा दाबून बापासाठी उचललेल्या हातांत किती वजन असेल, ते ज्याने त्याने स्वतःला विचारावे. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी आज एक वही आणून त्यांच्यासोबत बसावे. ज्यांचे गेले, त्यांनी बहिणीला फोन करावा.

अल्लाह आपल्या सर्वांच्या मरहूम वालिदैनची मगफिरत करो. आमीन.