भोगीची भाजी आणि बाटलीतली गोळी

भोगी, म्हणजे संक्रांतीचा आदला दिवस, मंगळवारी आली की ती टेक्सासमधल्या अर्विंगकरांच्या ऐन ऑफिसच्या वारी पडते. काही घरांत ती रविवारीच उरकली जाते, काही घरांत मंगळवारी रात्री आठला कुकर चढतो. कोवळ्या पावट्याच्या शेंगा इथे कुठल्या? इंडियन स्टोअरच्या फ्रीजरमधली सुरती पापडी आणि लिलवा तूर त्यांची जागा घेतात, सोलाणेही बर्फातलेच. गाजर, वांगी तेवढी ताजी. भाकरीवर तीळ थापताना निम्मे परातीत सांडतात, ते मात्र टेक्सासमध्येही चुकत नाही.

या दिवसांत फोनवर एक निरोप हमखास फिरतो: भोगीची भाजी म्हणजे अँटिऑक्सिडंटचा खजिना. हे खोटे नाही. गाजरात बीटा-कॅरोटिन असते, वांग्याच्या जांभळ्या सालीत नासुनिन. तिळात सेसामिन आणि सेसामोलिन असते. तीळ भाजले की सेसामोलिनमधून सेसामोल तयार होते. तिळाचे तेल लवकर खवट होत नाही ते या द्रव्यांमुळे. तेल खवट होते म्हणजे हवेतला ऑक्सिजन त्यातल्या स्निग्धाला लागतो. आपल्या पेशींच्या आवरणातही स्निग्ध असतेच. अन्नातून ऊर्जा काढताना शरीरात फ्री रॅडिकल्स नावाचे उपद्व्यापी रेणू तयार होतात आणि त्या स्निग्धाला, प्रथिनांना, डीएनएला धक्का लावतात. त्यांना आवर घालायला शरीराची स्वतःची विकरे आहेत. क आणि ई जीवनसत्त्वांसारख्या अँटिऑक्सिडंटची कुमक ताटातून येते.

म्हातारपणाच्या मुळाशी हेच रेणू आहेत, असा सिद्धांत डेनहम हार्मन यांनी १९५६ साली मांडला. पुढचा हिशेब सरळ वाटला: उपयोगी द्रव्य वेगळे काढा, गोळी करा, रोज गिळा. ‘एरोबिक्स’ हा शब्द १९६८ मध्ये घरोघरी पोहोचवणारे आणि पुढे अर्विंगच्या शेजारी डॅलसमध्ये स्थायिक झालेले डॉ. केनेथ कूपर यांनी १९९४ मध्ये ‘अँटिऑक्सिडंट रेव्होल्यूशन’ नावाचे पुस्तकच काढले. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला आणि पूरक गोळ्या बाजारात आणण्याआधी त्यांचा गुण सरकारपुढे सिद्ध करण्याची गरज उरली नाही.

आणि त्याच वर्षी फिनलंडहून निकाल आला. २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष, त्यांतल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन. पाच ते आठ वर्षांनी पाहिले तर गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, १८ टक्के जास्त. योगायोग म्हणावा तर १९९६ मध्ये अमेरिकेतली अशीच चाचणी याच कारणाने मुदतीआधीच थांबवावी लागली. २०११ मध्ये ई जीवनसत्त्वाचा हिशेब लागला: प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक. २०१२ मध्ये अमेरिकी कृषी खात्याने कुठल्या पदार्थात किती अँटिऑक्सिडंट शक्ती आहे याची यादीच संकेतस्थळावरून काढून टाकली. परीक्षानळीतल्या आकड्याचा माणसाच्या तब्येतीशी संबंध लागेना. शिवाय फ्री रॅडिकल्स निव्वळ खलनायक नाहीत. पांढऱ्या पेशी जंतू मारतात ते त्यांच्याच जोरावर. ते सरसकट पुसून टाकण्यात शहाणपण कसले?

हळदीची गोष्ट तर आपल्या घरचीच. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या नावे मंजूर झाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेने ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवले, तेव्हा आपली छाती फुगली होती. आज तीच हळद मिरीच्या अर्कासह कॅप्सूलमध्ये भरून येते आणि आपण ती डॉलर मोजून घेतो. मिरीने कर्क्युमिन रक्तात कितीतरी जास्त उतरते. नेमक्या अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याचे रुग्ण अमेरिकी डॉक्टरांनी नोंदवले आहेत. फोडणीतली चिमूटभर हळद या नोंदींत नाही.

पण म्हणून ‘आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ असा टेंभाही नको. पौषात शेतात जे पिकले ते आजीने एका पातेल्यात घातले. सेसामिनची तिला गरज नव्हती. तिळगुळातला गूळ रक्तात साखरच होतो. मुख्यालय डॅलसमध्ये असलेल्या अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१८ मध्ये दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयविकारावर स्वतंत्र निवेदन काढावे, इतका आपला धोका मोठा आहे. आजी शेतावर चालत जात असे, आपण भाजी आणायलाही गाडी काढतो. भाजीवर ताव मारा, लाडूवर हात आखडा.

संक्रांतीनंतर अनेकांच्या भारतवारीच्या बॅगा भरल्या जातात. घाऊक दुकानातल्या जीवनसत्त्वांच्या बाटल्या हा त्यातला मानाचा ऐवज. सांगलीच्या काकांना, नाशिकच्या आत्याला. काका सिगारेट-विडी ओढत असतील तर बीटा-कॅरोटिनची बाटली इथेच राहू द्या. आत्या रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर ई जीवनसत्त्वाने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, तेव्हा बाटली घेण्याआधी तिकडच्या डॉक्टरांना फोन करा. रिकाम्या जागेत अक्रोड बसतील. मात्र पाकिटावरची तारीख बघून घ्या.