दोन शाळा, एक हजेरीपट

दोस्तांनो, समजा उद्यापासून तुमची शाळा आणि पलीकडच्या गल्लीतली शाळा एक झाली. गणवेश एक, घंटा एक, नावही एक. मग सांगा पाहू, हजेरीपटात आधी नावं कुणाची? मॉनिटर कोण? नव्या प्रयोगशाळेत पहिला नंबर कुणाचा? भांडण होणारच ना! अस्संच भांडण चक्क वैमानिकांमध्ये झालं होतं, बरं का!

आपल्या देशात 1953 पासून दोन सरकारी विमान कंपन्या होत्या. एअर इंडिया मुख्यतः दूरदेशी जायची, तर इंडियन एअरलाइन्स देशात आणि जवळपासच्या देशांत. 2007 साली सरकारने दोन्ही एक केल्या. विमानाचा रंग बदलणं सोपं. उड्डाण क्रमांकाआधीची अक्षरंही बदलता येतात. इंडियन एअरलाइन्सचं 'आयसी' जाऊन 2011 मध्ये तिथं 'एआय' आलं.

पण वैमानिकाचं काय? तुम्ही म्हणाल, "त्यात काय? विमान ते विमान!" छे! एअरबस ए-320 मध्ये वैमानिकासमोर चाकासारखी मूठ नसतेच. कडेला छोटी काठी असते, व्हिडिओ गेमसारखी. बोइंग 777 मध्ये मात्र मोठी मूठ थेट पुढ्यात. बटणं वेगळी, संगणक वेगळा, सवयी वेगळ्या. म्हणून एका प्रकारचं विमान चालवणाऱ्याला दुसऱ्या प्रकारच्या विमानात थेट बसता येत नाही. आधी वर्गात अभ्यास. मग सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या खोट्या कॉकपिटमध्ये सराव. तिथे इंजिनला 'आग'सुद्धा लावतात! त्यानंतर अनुभवी कॅप्टनच्या नजरेखाली खरी उड्डाणं. वीस वर्षं विमान चालवलेला माणूसही पुन्हा विद्यार्थी होतो.

आता खरी गंमत, नव्हे, खरी अडचण. विलीनीकरणाआधीच एअर इंडियाने 27 नवी ड्रीमलायनर विमानं मागवली होती. ती चालवायचं प्रशिक्षण कुणाला? एअर इंडियाचे वैमानिक म्हणाले, "विमानं आमच्यासाठी मागवली. दुसरे आले तर आम्ही कॅप्टन कधी होणार?" इंडियन एअरलाइन्सवाले म्हणाले, "कंपनी एक झाली ना? मग संधीही सारखीच हवी!" दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांचे दर्जे जुळवायला सरकारला निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमावी लागली. तरीही 2012 मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांचा संप झाला. तो तब्बल 58 दिवस चालला! परदेशी जाणारी कितीतरी उड्डाणं रद्द झाली. कंपनीचं नुकसान झालं आणि प्रवासी बिचारे ताटकळले. पहिलं ड्रीमलायनर आलं ते त्यानंतर, सप्टेंबरमध्ये.

कोण बरोबर होतं? आज जेवताना आईबाबांना विचारा आणि स्वतःही विचार करा. एक मात्र नक्की. पाटी बदलायला एक दिवस पुरतो, पण "आपण सगळे एक" असं वाटायला फार वेळ लागतो. म्हणून हजेरीपटाचे नियम आधी ठरवावेत, पाटी मागाहून रंगवावी.

जाता जाता एक कोडं. 12 नोव्हेंबर 2024 रोजी विस्तारा ही कंपनी एअर इंडियात विलीन झाली. तिचं 'यूके 955' हे उड्डाण 'एआय 2955' झालं. तर मग 'यूके 812' चं काय झालं असेल? आणि पुढे 2 कशाला लावला असेल? डोकं चालवा!