ठाम म्हणजे उद्धट नव्हे

नोकरीच्या जाहिरातीत, मुलाखतीत हल्ली ‘असर्टिव्ह’ हा शब्द वरचेवर येतो. मराठीत त्याला ‘ठाम’ म्हणता येईल, पण ठाम माणूस हट्टीही असू शकतो. असर्टिव्ह म्हणजे आपले म्हणणे, आपला हक्क किंवा आपला नकार समोरच्याचा मान राखून स्पष्ट सांगणारा. स्वतः दबायचे नाही आणि दुसऱ्याला दाबायचेही नाही. ऑफिसात या गुणाचे कौतुक होते. घरातल्या मुलीने तोच दाखवला की ती ‘तोंडाळ’ ठरते.

दीनची शिकवण मात्र वेगळी आहे. सहीह बुखारीत ह. बरीरा (रजि.) यांची हकिकत आहे. गुलामीतून मुक्त झाल्यावर त्यांनी पती मुगीस यांच्यापासून वेगळे होण्याचा निर्णय घेतला. मुगीस मदीनेच्या रस्त्यांतून रडत त्यांच्या मागे फिरत. अल्लाहच्या प्रेषितांनी (स.) त्यांना परत जाण्याबद्दल सुचवले. बरीरांनी अदबीने विचारले, हा आपला हुकूम आहे का? नाही, मी फक्त शिफारस करतो, असे उत्तर मिळाले. तेव्हा आपल्याला परत जायचे नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांच्यावर कोणी रागावले नाही. आधी नीट विचारून घेणे आणि मग शांतपणे नकार देणे, हाच असर्टिव्हपणा.

आपल्या रायगडच्या किनाऱ्यानेही तो पाहिला आहे. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे थांबवले. परिसरातली २५ गावे या संपात होती. शेती बंद, घरात दाणा नाही. लोकांनी जंगलातली लाकडे विकून, मासळी धरून दिवस काढले. संप १९३९ पर्यंत चालला. त्यांचे म्हणणे साधे होते : आमच्या घामाचा न्याय्य वाटा मिळाल्याशिवाय नांगर धरणार नाही.

आज याच किनाऱ्यावर जमिनीला सोन्याचा भाव आला आहे आणि वाट्याचा प्रश्न आपल्या घरात शिरला आहे. वडिलांच्या इंतकालनंतर मुंबईचे गिऱ्हाईक येते, भाऊ आखातातून सुट्टीवर येतो आणि बहिणीसमोर हक्कसोडपत्र ठेवले जाते. “सगळ्यांनी सही केली, तूच राहिलीस.” माहेर तुटेल या भीतीने ती न वाचताच सही करते.

पवित्र कुरआनच्या सूरह निसामध्ये आईवडिलांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेत, ती थोडी असो वा जास्त, पुरुषांचा आणि स्त्रियांचाही वाटा ठरवून दिला आहे. मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा असला तरी तो अल्लाहने ठरवलेला आहे, भावाची मेहेरबानी नव्हे. बहिणीने समजून-उमजून, राजीखुशीने तो सोडला तर तिची मर्जी. पण लाजेपोटी किंवा दडपणाखाली झालेल्या सहीला राजीखुशी कशी म्हणायची?

मग बहिणीने काय म्हणावे? भांडण नको, रडारड नको. एवढेच पुरे : “भाईजान, कागद माझ्याकडे दोन दिवस राहू दे. जाणकाराकडून वाचून घेते. माझा वाटा किती, तेही आधी कळू दे. तुझ्यावर माझा राग नाही, पण समजल्याशिवाय सही करणार नाही.” पुन्हा आग्रह झाला तर आवाज न चढवता तेच वाक्य पुन्हा सांगावे.

आणि भावांनो, बहिणीला हे बोलण्याची वेळच का यावी? तिने मागण्याआधी हिशेब तिच्यापुढे ठेवा. आईबापांनीही मुलीला लहानपणापासून ‘नाही’ म्हणू द्यावे आणि ते ऐकून घ्यावे. घरात जिचे ‘नाही’ कधी ऐकलेच गेले नाही, ती सब-रजिस्ट्रारच्या टेबलासमोर एकाएकी ठाम कशी होणार?