वस्तुविनिमय नव्हे, उधारी!

१/ आरंभीच्या अमेरिकेतील खेडूत लोणी देऊन कापड नेई. म्हणजे तेथे पैशाविना वस्तुविनिमय चाले, असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे, आणि तो खोडण्यास गावच्या दुकानदाराच्या वह्याच पुरेशा आहेत.

२/ दिवसाचा प्रत्येक व्यवहार प्रथम रोजकीर्दीत उतरे, मग खतावणीत गिऱ्हाइकाच्या खात्यावर चढे: डावीकडे नावे, उजवीकडे जमा. लोणी, अंडी, धान्य, जे येई त्याची किंमत पौंड-शिलिंग-पेन्समध्ये मांडली जाई. १७९२ च्या कायद्याने डॉलर आला, तरी अनेक वह्यांत शिलिंग टिकून राहिला. दुर्मीळ होते ते नाणे, हिशेब नव्हे.

३/ वस्तुविनिमयात देणेघेणे जागीच मिटते. येथे ते महिनोन्महिने उरे. ही उधारी होती, आणि वसुलीच्या दाव्यात हीच वही न्यायालयात पुरावा म्हणून पुढे येई. तिला निव्वळ ‘शेजारधर्म’ म्हणणे भाबडेपणाचे आहे.

४/ वहीही निष्पक्ष नव्हे. लोणी घुसळी बायको, खाते मात्र बहुधा नवऱ्याचे. कारण विवाहितेची कमाई कायद्याने त्याची. तरीही व्हर्जिनियातील जॉन हुक या व्यापाऱ्याच्या हिशेबांत सुकी ही गुलाम स्त्री भेटते: कापूस जमा करून आरसा विकत घेणारी.

५/ ज्यांना आत्मचरित्र लिहिता आले नाही, त्यांची ही साक्ष आहे. ‘वस्तुविनिमय’ या एका शब्दात ती गुंडाळणारा इतिहासकार वही न उघडताच निकाल देतो.