सोनामुखीचा रोजचा रतीब

‘आयुर्वेदिकच आहे, अपाय कसला?’ बीडमधल्या दिंद्रुडपासून मुंबईपर्यंत पोट साफ व्हावं म्हणून रात्री चमचाभर चूर्ण घेऊन झोपणाऱ्यांचं हे ठरलेलं उत्तर. यातली बरीच चूर्णं चालतात ती सोनामुखीच्या जोरावर. पंचसकार चूर्णात सुंठ, सैंधव, बडीशेप, हिरड्यासोबत तीच असते. स्वादिष्ट विरेचन चूर्णात ज्येष्ठमध-साखरेआड तीच.

सोनामुखी वाईट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे. तिच्यातली सेनोसाइड्स मोठ्या आतड्यापर्यंत जवळपास तशीच पोचतात. तिथले जिवाणू ती फोडतात, मग आतडं जोरानं आवळतं आणि मळातलं पाणी शोषणं मंदावतं. म्हणून रात्री घेतलेलं सहा ते बारा तासांनी, सकाळी लागू पडतं. आजीच्या हातचं एरंडेल मात्र लहान आतड्यातच काम करतं. दोन-चार तासांत धावाधाव!

गोम पुढे आहे. एकदा कोठा पूर्ण रिकामा झाला की तो भरायला एक-दोन दिवस लागतात. या दिवसांत परसाकडे झाली नाही, की माणूस बद्धकोष्ठ समजून पुन्हा चमचा उचलतो. असा रतीब सुरू होतो. मात्रा वाढली की जुलाबावाटे पाणी आणि पोटॅशियम जातं. हातापायांत गोळे येतात, अशक्तपणा वाटतो. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांना तर हे थेट हृदयावर बेतू शकतं. आतडी कायमची निकामी होतात, ही भीती मात्र फुगवलेली. नेमक्या मात्रेत तसा ठोस पुरावा नाही. तरीही युरोपच्या औषध नियामकाचा सल्ला स्पष्ट आहे: डॉक्टरांना न विचारता आठवड्यापेक्षा जास्त नको.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न नुसत्या पोटाचा नाही. दिवाळीच्या आसपास इथले कोयते, म्हणजे ऊसतोड जोडपी, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. उसाच्या फडावर कोपीजवळ (झोपडीजवळ) संडास नसतो, म्हणून बायका पाणी कमी पितात, लागलेली दाबून धरतात. त्यातून होणाऱ्या बद्धकोष्ठाला चूर्ण हा उतारा नव्हे. तिथे साखर कारखान्यानं पाणी आणि संडास द्यायला हवेत.

घरी असणाऱ्यांनी डबीवरची घटकद्रव्यं वाचावीत. सोनामुखी दिसली तर ती अडीअडचणीला ठेवावी. रोज घ्यायचंच तर भरपूर पाण्यासोबत इसबगोल बरं. आणि शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल किंवा पन्नाशीनंतर सवय अचानक बदलली असेल, तर चूर्णानं वेळ काढू नये. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय गाठावं.