एका उशिरावरून गिऱ्हाईक तोडू नका!

उधारीवरच्या व्हिडिओतला एक मुद्दा आज जरा खोलात बघू.

बोईसरला तारापूर एमआयडीसीच्या कामगारांसाठी मेस चालवायची, तर उधारी आलीच. पगार झाला की पैसे. एखाद्याची तारीख चुकली की आपण लगेच शिक्का मारतो, "हा बुडवणार!" माझं स्पष्ट मत आहे, हा शिक्का घाईचा असतो आणि तो धंद्याला महाग पडतो.

उशीर ही फक्त खूण आहे. माणूस आतून पक्का आहे की डळमळीत, ही अवस्था आपल्याला दिसत नाही. पक्क्या माणसाचाही पगार लांबतो, तो छठला गावी जातो. आणि डळमळीत माणूसही एखाद्या महिन्यात वेळेवर देतो.

संख्याशास्त्रात यासाठी 'लेटंट मार्कोव्ह मॉडेल' आहे. लेटंट म्हणजे लपलेलं. मार्कोव्ह हे रशियन गणिती. हे मॉडेल त्याच माणसांच्या अनेक महिन्यांच्या नोंदींवरून दोन अंदाज काढतं: कुठल्या अवस्थेतला माणूस किती वेळा उशीर करतो, आणि एका अवस्थेतून दुसरीत किती जण जातात.

याचा फायदा काय? समजा, दोन मेस आहेत. दोन्हीकडे दर महिन्याला ४० पक्के, २० डळमळीत. पहिलीत ४० पैकी २ घसरतात, २ सावरतात. दुसरीत १० घसरतात, १० सावरतात. बेरीज तीच, पण दुसऱ्या मेसवाल्याला दर महिन्याला दहा नव्या माणसांच्या मागे लागायचंय. नुसता गल्ला बघून हे कधीच कळणार नाही.

तुम्ही म्हणाल, "सर, तोवर तो खोली सोडून पळेल!" खरंय. म्हणून नवीन माणसाकडून ॲडव्हान्स घ्याच. त्याचा इतिहास तुमच्याकडे नाही. पण जुन्या गिऱ्हाइकाचा आहे, तो वापरा.

एक वही करा. माणशी एक ओळ, महिन्याला एक रकाना: वेळेवर, उशिरा, दिलेच नाहीत. एक उशीर झाला तर चौकशी करा. लागोपाठ तीन झाले तर उधारीला मर्यादा घाला. पन्नास-साठ गिऱ्हाइकांना वही पुरते. शेकड्यांनी झाली, तर 'आर' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे मॉडेल चालवता येतं, जाणकार गाठा.

पण वहीच नसेल, तर कुठलंही मॉडेल काय करणार? या पगारापासून पहिला रकाना भरा.