फी सगळ्यांना सारखी, सवलत मात्र पगार बघून

"मुलांच्या कॉलेजची फी भरा, टॅक्स वाचवा." मार्च जवळ आला की हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो. ही सवलत नेमकी कुणाला मिळते हे एकदा नीट बघा. आपल्या नगर जिल्ह्यातल्या बहुतेक घरांना ती का मिळत नाही, तेही कळेल.

आधी नियम. ८०सीखाली (२०२५ च्या नव्या कायद्यात कलम १२३) फक्त ट्यूशन फी धरतात. विकास निधी, देणगी, होस्टेल, मेस, बसभाडं यातलं काही नाही. शिक्षण पूर्णवेळ हवं, संस्था भारतातली हवी, मुलं दोनच. खाजगी क्लासची फी तर अजिबात नाही. म्हणजे लेकराच्या मोठ्या क्लासवर सरकार १८ टक्के जीएसटी घेणार, पण सवलत देताना तो खर्च शिक्षणाचा नाही म्हणणार!

बरं, मर्यादा दीड लाख. ती २०१४ पासून जागची हललेली नाही. आणि त्या दीड लाखात पीएफ, एलआयसी, घरकर्जाचं मुद्दल सगळं कोंबायचं. नोकरदाराचा पीएफच निम्मीअधिक जागा खातो, फीला उरतं काय?

आता खरा मुद्दा. समजा तिघांनी दीड-दीड लाख ट्यूशन फी भरली. ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या साहेबांचे सेस धरून ४६,८०० रुपये वाचतात. २० टक्केवाल्या मास्तरांचे ३१,२००. आणि पाथर्डीच्या ऊसतोड कामगाराचे, पारनेरच्या दूधवाल्याचे, राहुरीच्या कांदा उत्पादकाचे? शून्य. कॉलेजच्या खिडकीवर तिघांनाही पावती सारखीच मिळाली, पण ज्याला फी सगळ्यात जड गेली त्यालाच सरकारने काही दिलं नाही.

यावर लगेच कुणीतरी म्हणेल, "शेतकरी इन्कम टॅक्सच भरत नाही, मग सूट कशातून द्यायची?" ऐकायला बरोबर वाटतं. पण ही सवलत शिक्षणासाठी आहे ना? मग शिक्षण ज्याला परवडत नाही त्याच्यापर्यंत ती पोचायला नको? आणि टॅक्स तो भरतोच. पोराच्या लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी त्यानेही मोजलाय.

शैक्षणिक कर्जाचंही तसंच. ८०ई खाली व्याज वजा होतं, आठ वर्षं, रकमेला मर्यादा नाही. पण कर्ज बँकेचं, सरकारने अधिसूचित केलेल्या वित्तीय संस्थेचं किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचं हवं. आपल्याकडे गावोगावी पतसंस्था आहेत. प्रवेशाची तारीख तोंडावर आली की माणूस आधी तिथेच धावतो, नाहीतर मेव्हण्याकडे. ते व्याज यात बसत नाही.

त्यात २०२३-२४ पासून नवी कररचना आपोआप लागू होते. तिच्यात ८०सी नाही, ८०ई पण नाही. "१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही, अजून काय पाहिजे?" असं विचारतात. चांगलंच आहे ते. पण ती सूट दोन पोरं इंजिनिअरिंगला असलेल्याला आणि एकही पोर शिकत नसलेल्याला सारखीच. शिक्षणाचा त्यात विचार कुठे आहे?

दुसरा मार्ग नाही असंही नाही. अमेरिकेत कॉलेजच्या खर्चापोटी विद्यार्थ्यामागे वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत थेट करातून वजा होतात, चार वर्षं. कर शून्य असला तरी त्यातले १,००० डॉलरपर्यंत पालकाच्या हातात पडू शकतात. एवढं लांब कशाला? आपल्याच राज्याने ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली. बाप टॅक्स भरतो का, हे विचारलं नाही. खाजगी अभिमत विद्यापीठं आणि व्यवस्थापन कोटा त्यातून वगळलाय, ही मोठी उणीव आहेच. पण दिशा बरोबर आहे. मदत उत्पन्न कमी असणाऱ्याला, आणि तीही फी भरायच्या वेळी.

म्हणून मागण्या सरळ आहेत.

१. फीची सवलत पगाराच्या स्लॅबवर नको, सगळ्यांना ठराविक रक्कम द्या. कर लागत नसेल तर खात्यात जमा करा.
२. नोंदणीकृत पतसंस्थांचं शैक्षणिक कर्ज ८०ई मध्ये घ्या, आणि ८०ई नव्या कररचनेतही द्या.
३. प्रत्येक कॉलेजने पावतीवर ट्यूशन फी वेगळी दाखवलीच पाहिजे. एकठोक रकमेची पावती हातात टेकवणं बंद करा.

तिसरी मागणी तर दिल्लीला न जाताही पूर्ण होईल, कॉलेजात जाऊन उद्याच मागा. पहिल्या दोन नगर दक्षिण आणि शिर्डीच्या खासदारांनी संसदेत मांडायच्या आहेत. पटत असेल तर पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचवा. आणि पुढच्या वेळी "फी भरा, टॅक्स वाचवा" आलं की खाली एकच प्रश्न लिहा: कुणाचा?